रोगाची मशागत

काष्टी,
१२ जानेवारी २०२५

ती. आदिनाथदादास,
सा. नमस्कार.

पत्र पाहून दचकू नकोस, इकडे सगळं ठीक आहे. आईचे गुडघे कुरकुरतात, पण काल बाजारात जाऊन दोन पिशव्या भरून आली. पार्थसाठी बोरं पाठवते आहे. त्याला खोकला असेल तर वहिनींना म्हणावं, लपवून ठेवा. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

विहिरीकडच्या रानातला हरभरा यंदा हिरवागार आहे. येणारा-जाणारा थांबून म्हणतो, "रेश्मा, जिकलीस बाई!" आईने तर पेढे वाटायचं काढलं होतं. मी बांधावर बसून रडले.

तुला हे दरवर्षी सांगते आणि तू दरवर्षी मान डोलावत मोबाईल बघतोस. आता वाच. त्या मातीत मर रोग आहे. पाथर्डीकडचा बारीक गावरान हरभरा त्याला दाद देत नाही, आपला टपोरा मात्र लगेच माना टाकतो. दोघांचा संकर करून मी जी रोपं काढली, त्यातली कुठली टिकणार ते ती मातीच सांगते. म्हणून मधूनमधून आपल्या टपोऱ्याची एक ओळ मुद्दाम मरायला लावते. ती मेली, तरच शेजारचं जगलेलं रोप खरं.

यंदा ती ओळ मेलीच नाही. घाटे धरून उभी आहे.

माझं डोकं चालेना. मग भीमाकाका सहज बोलून गेले, "आदिनाथनं पंप न्हेला हुता की माज्याकडनं, तू राहुरीला गेल्तीस तवा. मुळाशी औषद सोडलं म्हनं. तुला बोलला न्हाई व्हय?"

नाही बोललास, दादा.

मी हरू नये म्हणून केलंस, ते कळतं मला. यंदा जमलं नाही तर तिथे ऊस, ही अट तुझीच. आणि मग तुलाच माझी दया आली! मला औषधाचा आला नाही इतका राग त्या दयेचा आला आहे. इतक्या वर्षांची निवड, आणि त्यातलं एकही बी आज छातीठोकपणे कुणाच्या हातात देता येत नाही.

तर ऐक. अट तू मोडलीस, म्हणजे ती संपली. ऊस लागणार नाही. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, आणि आईनेही सांगून टाकलंय, "तिच्या रानाला कुनी हात लावायचा न्हाई." तुझ्या औषधाने दबलेला रोग मातीत परत यावा म्हणून सध्या मी गावभर फिरून मर लागलेली झाडं मागून आणते, बारीक तोडून त्या मातीत मिसळते. लोक शेणखत घालतात, मी रोग घालते. शेजारची कडूबाई म्हणाली, पोरीचं डोकं फिरलं. फिरू दे.

येत्या रब्बीत तिथेच पुन्हा पेरणार. सगळं मेलं तरी चालेल, निदान खोटं तरी काही जगणार नाही. तू ये. रोपं पिवळी पडायला लागली की तुझा जीव वरखाली होईल, माझाही होतो. तेव्हा हात खिशात घालून माझ्या शेजारी उभा राहा आणि त्यांना मरू दे. एवढं जमणार असेल तरच ये.

रागावलेली, आणि तरीही तुझी वाट बघणारी,
रेश्मा