पेडलला हळदकुंकू

दसरा, संध्याकाळ. बदलापूर.

डोकं फिरलंय माझं. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या बेसवाल्या प्रशांतनं उल्हासनगरहून मल्टी-इफेक्ट पेडल आणलंय. बेस गिटारचे नाना आवाज त्यात भरलेले. पायानं बटण दाबलं की आवाज बदलतो. आज सकाळी वाद्यांच्या पूजेत त्याच्या आईनं त्या पेडललाही हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि म्हणाली, "आज याला पाय लावायचा नाही हां."

आणि हा बैल ऐकतो! शिरगावच्या कार्यक्रमात दर गाण्याला बेस सोडून खाली वाकतोय, हातानं बटण दाबतोय. तेवढ्यात बेस गायब, आणि मी कीबोर्डवर डाव्या हातानं भोक बुजवतोय. पायासाठीच बनवलेली वस्तू, तिला कसलं आलंय पाय लागणं? मी ओरडलो, "अबे, पाय मार ना!" तर म्हणे, "आज नको यार, आई बोललीय." अडाणी साला. इफेक्ट हवेत, अक्कल नको.

कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळताना माझाच पाय त्या पेडलला लागला. आणि माझा हात आपोआप खाली जाऊन पेडलला टेकला, मग कपाळाला. कुंकवासकट.

प्रशांतनं बघितलं. हसला असता तर परवडलं असतं.