प्रभाग अकरामधील माझी बिनविरोध निवड थांबवण्याबाबत

दिनांक : १९ नोव्हेंबर

प्रति,
मा. निवडणूक निर्णय अधिकारी,
प्रभाग क्र. ९ ते १२,
नगरपरिषद कार्यालय, पहिला मजला.

अर्जदार : प्रभाग क्र. ११ मधील एकमेव उरलेला उमेदवार. धंदा चष्म्यांचा.

विषय : मला विजयी घोषित न करण्याबाबत व प्रभागात रीतसर मतदान घेण्याबाबत.

संदर्भ : १) उमेदवारी अर्जांच्या छाननीतील आपला दि. ८ नोव्हेंबरचा निर्णय.
२) माझे दि. १४ व दि. १६ नोव्हेंबरचे अर्ज, जे आपल्या कार्यालयाने स्वीकारले नाहीत.

महोदय,

१. या विषयावरचा हा माझा तिसरा अर्ज आहे. पहिला घेऊन आलो तेव्हा आवक-जावक टेबलावरच्या लिपिकांनी खुर्चीतून उठून माझे अभिनंदन केले आणि विषय वाचल्यावर खाली बसले. हरलेला उमेदवार तक्रार करू शकतो, जिंकलेल्याने तक्रार करण्याची सोय नाही, असे त्यांनी मला समजावले. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, "साहेब, नोंदवहीत विषयाच्या रकान्यात मी काय लिहू? जिंकल्याबद्दल तक्रार?" मी म्हटले, हेच लिहा. त्यांनी लिहिले नाही. म्हणून हा अर्ज मी रजिस्टर पोस्टाने पाठवत आहे, म्हणजे निदान पोहोच तरी मिळेल.

२. मी निवडणुकीला का उभा राहिलो, हे आधी सांगणे आवश्यक आहे. बस थांब्यासमोर, शाळेच्या कुंपणालगत मी बावीस वर्षे चष्म्यांचे दुकान चालवले. दुकान टाकले तेव्हा समोर मोकळे रान होते. आज तिथे अकरा इमारती आहेत आणि आणखी चार उभ्या राहत आहेत. माणसे दहापट झाली, रस्ता तेवढाच राहिला, आणि रस्त्याच्या कडेचे गटार उघडेच राहिले. शाळा सुटली की मुले, आया, बसमधून उतरणारे असे सगळे त्या गटाराच्या काठाने एका ओळीत चालतात. कोणी ना कोणी आत पडतेच. पडलेल्या माणसाचा आधी चष्मा फुटतो. गेल्या वर्षभरात केवळ या गटाराच्या कृपेने माझ्याकडे त्रेचाळीस चष्मे दुरुस्तीला आले. एका गृहस्थांचा चष्मा तर दोनदा आला. फ्रेमवरची ती काळी घाण साबणाने धुताना मला दर वेळी मळमळायचे, आणि त्याच घाणीवर माझा धंदा वाढतो आहे याने त्याहून जास्त मळमळायचे. ही पट्टी झाकून तिथे पदपथ व्हावा, एवढ्या एका कामासाठी मी उमेदवारी भरली.

३. माझ्यासमोर दोन उमेदवार होते. एक केबलवाले, दुसऱ्या आरोग्य केंद्रातून निवृत्त झालेल्या नर्सबाई. नर्सबाईही याच गटारासाठी उभ्या होत्या, कारण पडलेल्यांचे चष्मे माझ्याकडे यायचे तसे सोललेले गुडघे त्यांच्याकडे जायचे. बाई समोर आहेत म्हटल्यावर मला खरे तर बरे वाटले होते. दोघांपैकी कोणीही आले असते तरी गटार झाकले गेले असते.

४. माझ्या प्रचाराची व कागदपत्रांची व्यवस्था माझ्या मेहुण्याने, म्हणजे पत्नीच्या धाकट्या भावाने, स्वतःहून अंगावर घेतली. तो जागांचे व्यवहार करतो. "दाजी, तुम्ही फक्त सह्या करा, बाकीचं माझ्यावर सोडा," असे म्हणून त्याने माझ्याकडून काही कोऱ्या कागदांवरही सह्या घेतल्या. मी केल्या. मी शाळा शिकलेला, रोज बारीक अक्षरांचे तक्ते लोकांकडून वाचून घेणारा माणूस आहे. कोऱ्या कागदावर सही करू नये हे मला कोणी सांगायला हवे होते असे नाही.

५. दि. ६ नोव्हेंबरला, म्हणजे छाननीच्या दोन दिवस आधी, फ्लेक्सवाला दुकानात आला आणि मजकूर एकदा तपासून द्या म्हणाला. कागदावर होते, "प्रभाग अकरामधून बिनविरोध निवडून आल्याबद्दल हार्दिक अभिनंदन." मी त्याला म्हटले, अरे, समोर दोन माणसे उभी आहेत. तो म्हणाला, मला जे सांगितले ते मी छापतो. शेजारी माझा फोटो होता, त्यातला चष्मा पुसून टाकलेला होता. चष्म्यामुळे माणूस आजारी दिसतो, असे त्याचे मत पडले. मी हसलो आणि तो कागद त्याला परत दिला. त्या हसण्याचा मला आज सगळ्यात जास्त राग येतो.

६. दि. ८ रोजी आपल्या दालनात काय झाले हे आपण जाणता, पण आपल्या निर्णयात ते एका ओळीत आले आहे, म्हणून सविस्तर मांडतो. नर्सबाईंच्या अर्जावर सूचक म्हणून आमच्या भागातल्या निवृत्त पोस्टमनकाकांची सही होती. ती सही त्यांची नाही, अशी हरकत वाचून दाखवण्यात आली. हरकत माझ्या नावाने होती. खाली सही माझी होती. मजकूर मी आयुष्यात पहिल्यांदा तिथे ऐकला.

आपण काकांना बोलावून घेतले. ते जिना चढून आले, दम खात उभे राहिले. त्यांनी "सही माझीच आहे, साहेब," असे तीन वेळा सांगितले. तरीही खात्री करण्यासाठी आपण त्यांना कोऱ्या कागदावर दहा सह्या करायला लावल्या. काकांना चार-पाच वर्षांपासून हात थरथरण्याचा आजार आहे. दालनात वीस-बावीस माणसे होती. सगळी त्यांच्या हाताकडे बघत होती, आणि बघत होती म्हणून तो हात आणखी थरथरत होता. चौथ्या सहीला पेन खाली पडले. मागून कोणीतरी खिदळले. नर्सबाईंनी वाकून पेन उचलून दिले आणि काकांच्या पाठीवर हात ठेवला. दहा सह्या झाल्या. एकीसारखी दुसरी नव्हती, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या जुन्या नोंदीतल्या सहीसारखी तर एकही नव्हती.

महोदय, त्या दहाही सह्या खऱ्या होत्या.

हे मी अंदाजाने म्हणत नाही. चष्मा घेऊन जाताना गिऱ्हाईक माझ्या ऑर्डर वहीत सही करते. काकांच्या गेल्या सहा वर्षांतल्या सात सह्या माझ्याकडे आहेत. पहिली छापल्यासारखी आहे, सातवी उमेदवारी अर्जावरच्या सहीसारखी वेडीवाकडी आहे. मधल्या पाच बघितल्या की हात कसकसा बिघडत गेला ते शेंबड्या पोरालाही कळेल. ही वही त्या दिवशी माझ्या दुकानात होती, आपल्या कार्यालयापासून दहा मिनिटांच्या अंतरावर.

शेवटी आपण विचारलेत, "उमेदवारांपैकी कोणाला काही म्हणायचे आहे का?" मेहुण्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी म्हणालो, "नाही."

७. बाईंचा अर्ज बाद झाला. दि. १२ रोजी केबलवाल्यांनी माघार घेतली. ते आपल्या कार्यालयात आले ते माझ्या मेहुण्याच्या गाडीतून. त्याच संध्याकाळी बस थांब्यावर तो फ्लेक्स लागला. त्याचे दोन बांबू त्याच गटारात रोवले होते. माणसे माझ्या हसऱ्या चेहऱ्याखालून वाकून, तोल सांभाळत घरी जात होती.

८. दि. १३ रोजी दुकान उघडतो तोच पोस्टमनकाका पायरीवर बसलेले. म्हणाले, "जरा नंबर तपासा माझा. चष्म्याचंच काहीतरी बिनसलंय. धड दिसलं असतं तर सही नीट आली असती. माझ्यापायी बाईंचा फॉर्म गेला." ते दोन दिवस जेवले नव्हते, असे त्यांच्या सुनेने मला नंतर सांगितले. मी त्यांना खुर्चीत बसवले, नंबर तपासला. नंबर तोच होता. डोळे उत्तम होते. मग मी त्यांना सगळे सांगितले : हरकत कोणाची, कोरे कागद कोणी दिले, वही कुठे होती.

मला वाटले होते ते रागावतील. त्यांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. मग एवढेच म्हणाले, "तुम्ही तर तिथंच बसला होतात की." आणि काठी घेऊन निघून गेले.

९. त्याच दिवशी दुपारी मी मेहुण्याला गाठले. सही खरी होती हे तुला माहीत होते का, असे विचारले. तो म्हणाला, "दाजी, खरी-खोटीचा प्रश्नच नाही. जुळली नाही, विषय संपला." फ्लेक्स आधीच कसा छापलास, यावर त्याचे उत्तर असे, की घाईत छापला की अक्षरे बिघडतात. मग त्याने मला खरी गोष्ट सांगितली, आणि तीही अगदी सहज. शाळेच्या कुंपणालगतची ती पट्टी पदपथासाठी राखीव आहे. नव्या चार इमारतींच्या दुकानांना गाड्या लावायला तीच पट्टी हवी आहे. आरक्षण उठवण्याचा ठराव पहिल्याच सभेत येणार आहे. "तेव्हा हात वर करायला घरचा माणूस पाहिजे होता. नर्सबाईंनी केला असता का?" मी विचारले, आणि मी करीन असे तुला का वाटले? तो हसून म्हणाला, "तुम्ही छाननीला बोललात का काही?"

महोदय, मला त्याची किळस आली हे खरे. पण त्याने माझे माप बरोबर घेतले होते, याची जी किळस आली ती सहा दिवस झाले तरी जात नाही.

१०. दि. १४ रोजी सकाळी मी नर्सबाईंच्या घरी गेलो व माफी मागितली. त्यांनी मला पाणी दिले, बसा म्हटले नाही. म्हणाल्या, "माफीचं मी काय करू? कपाटात ठेवू? जे मला सांगितलंत ते साहेबांना लिहून द्या. काकांना सगळ्यांसमोर खोटं ठरवलं, तर खरंही सगळ्यांसमोरच ठरवायला पाहिजे." तिथून मी थेट आपल्या कार्यालयात आलो. पुढचे परिच्छेद १ मध्ये आहे.

११. छाननीत आपण नियमाबाहेर काही केले, असे माझे म्हणणे नाही. पुरावा आपल्यासमोर आला नाही, कारण पुरावा ज्याच्याकडे होता तो तोंड मिटून बसला होता. पण नियम पाळूनही एवढी घाण होऊ शकते, हे आपल्या दप्तरी नोंदले जावे अशी माझी इच्छा आहे.

१२. सबब विनंती की,

(अ) दि. २८ नोव्हेंबरच्या निकालात मला विजयी घोषित करू नये व प्रमाणपत्र देऊ नये.
(आ) सोबतचे प्रतिज्ञापत्र व वहीतील पानांच्या प्रती वरिष्ठांकडे पाठवाव्यात. नर्सबाई न्यायालयात जात आहेत. तिथे मी माझ्याच निवडीविरुद्ध साक्ष देणार आहे.
(इ) निवड थांबवणे नियमात बसत नसल्यास, सोबत जोडलेला राजीनामा ज्या क्षणी देता येतो त्या क्षणी दिला आहे असे समजावे, म्हणजे ठरावाच्या सभेत माझी खुर्ची रिकामी राहील.
(ई) निवडणूक पुन्हा घेतल्यास मी उमेदवार नसेन. त्या वेळी नर्सबाईंच्या अर्जावर सूचक म्हणून पुन्हा पोस्टमनकाकाच सही करणार आहेत. त्यांना मी तसे विचारले. आधी नको म्हणाले, नंतर हो म्हणाले. सही आपल्यासमोर, बसून, हवा तेवढा वेळ घेऊन करू द्यावी. अनुमोदक म्हणून माझी पत्नी सही करील. ती मेहुण्याची सख्खी बहीण आहे. हा अर्ज तिने वाचला असून त्यातला भावाविषयीचा एकही शब्द खोडायला सांगितला नाही. फक्त वाचून झाल्यावर ती उठून आत गेली आणि तासभर बाहेर आली नाही.

१३. अखेरची बाब पत्त्याची. माझे दुकान मेहुण्याच्या मालकीच्या गाळ्यात होते. दि. १७ रोजी त्याने गाळा रिकामा करण्यास सांगितले व मी तो त्याच दिवशी केला. काच घासण्याचे यंत्र आणि अक्षरांचा तक्ता सध्या माझ्या घरात, पुढच्या खोलीत आहे. तरी यापुढील सर्व पत्रव्यवहार घरच्या पत्त्यावर करावा. दुकानाच्या पत्त्यावर पाठवलेले पत्र मला मिळणार नाही.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,
आपला नम्र,

(सही)
चष्मेवाला, प्रभाग क्र. ११

सोबत :
१) प्रतिज्ञापत्र.
२) ऑर्डर वहीतील सात पानांच्या प्रती. मूळ वही मागाल तेव्हा हजर करीन.
३) फ्लेक्सवाल्याची दि. ६ नोव्हेंबरची कामाची चिठ्ठी. ती त्याने न मागता आणून दिली.
४) राजीनामा, सहीसह. वरचा मजकूर पूर्ण लिहिलेला आहे.