गाईपुढचा तरोटा

माय, आपल्या घरची गाय तरोटा खायला लागली आहे. भावजय फोनवर खुशीत सांगत होती आणि मला तेव्हापासून चैन नाही. गाय गाभण आहे. धानाचं तणस पावसाळ्यातच सरत आलं. गेल्या हंगामात धान हार्वेस्टरनं कापला, पेंढ्याचा भुगा झाला, तो बांधीतच कुजला. गाय शेताच्या धुऱ्यावर चरायला सोडावी तर आता सगळेच तणनाशक फवारतात. उरला रस्त्याकडेचा तरोटा, पुस्तकात ज्याला टाकळा म्हणतात तो, कमरेएवढा वाढलेला. मी शेतकी शिकले, लाखनीच्या कॉलेजात तेच शिकवते, म्हणून भावजयीनं मला विचारलं. मी सांगितलं, पाल्यात प्रथिनं चांगली असतात. सुकवून उरल्या तणसात कालवा, वरून मिठाचं पाणी शिंपडा, पण थोडाच द्या. यातलं काही खोटं नाही. तरोटा जास्त झाला तर जनावराला बाधतो, हेही मी वाचलेलं आहे. गाभण गाईला जास्त म्हणजे किती, हे मात्र मला कुठंच सापडलं नाही. तेवढं मी तिला सांगितलं नाही.

गाईनं पहिल्यांदा टोपल्यात नाक घातलं आणि तोंड फिरवलं. "ताई, तुमचं पुस्तक गाईनं वाचलं नाई वाटते," भावजय फोनवर म्हणाली. मागून भाऊ हसला, "तिले का परीक्षा द्याची हाय?" मग भावजय गंभीर झाली, "नाई खात तं राहू द्या ना, ताई. पोटात वासरू हाय तिच्या." ती थांबणारच होती. मी पटकन म्हणाले, "अगं, आमची माय चारायची की."

तू कधीच चारला नाहीस. कोवळा तरोटा तू आमच्या ताटात वाढायचीस, लसूण-मिरची घालून. गाईपुढं कधी टाकला नाहीस. तुझी रीत निराळी होती. गाय पुढं, तू विळा घेऊन मागं. ती धुऱ्यावर ज्याला तोंड लावेल, केना असो की हरळी, तेच तू कापायचीस. ती हुंगून पुढं गेली की तूही पुढं. मला ते दिसतं आहे, तू वाकलेली, पदर कमरेला खोचलेला, गाय चालते तशी चालते आहेस. पण तुझ्या रीतीनं सगळं निभावलं असंही नाही. एकदा पाऊस उघडल्यावर कालवड ओलं कोवळं गवत खाऊन फुगली. तू तिला तेल पाजत होतीस आणि मी म्हणाले, "तिनंच तं खाल्लं, माय." तू माझ्यावर खेकसलीस, "जनावराले का सारं समजते? मंग आपण कायले हाओ?" कालवड वाचली. ते वाक्य मला आता पुन्हा पुन्हा आठवतं. गाय खाते म्हणून चांगलं, हे तूही मानत नव्हतीस. आणि ही गाय तरी आवडीनं खाते आहे की भुकेनं, हे माझ्या पुस्तकातल्या प्रथिनांच्या तक्त्यातून कळत नाही.

आज सकाळी मीच फोन केला. शेण जरा पातळ झालं आहे, बाकी रवंथ चालू आहे, असं भावजय म्हणाली. "काळजी नोका करू, ताई. मायचं नाव घेऊन टाकतो मी टोपल्यात. मंग खाते." मी डॉक्टरांना दाखवायला सांगितलं, ते येईपर्यंत तरोटा बंद ठेवायला सांगितलं. "बंद? मंग टाकू काय?" तिनं विचारलं. कॉलेजजवळच्या दुकानातून पेंड पाठवते म्हणाले, आणि पाठवलीही. तू चारत नव्हतीस, हे मात्र तोंडातून निघालं नाही. संध्याकाळी पुन्हा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला.

तू तर आता नाहीस, हे लिहून कुणाला द्यायचं आहे? तरी एक लिहितेच. तुझं नाव घेतलं तेव्हा भावजयीचा विश्वास बसावा एवढंच मनात नव्हतं. गाईला काही झालंच, तर ते एकट्या माझ्या सांगण्यावरून झालं असं कुणी म्हणू नये, हेही मनात होतं.