कुंडाकाठची खुंटी

१४ जून
माझं सगळं बदललं ते काल दुपारी सव्वाचारला, व्हाइटफील्ड मेट्रोच्या जिन्यावर. स्वानंदी म्हणाली, ती तुरेवाली शिकारी मोरघार कॅमेऱ्यात जवळून टिपलीस ना, तर येईन बघायला, शप्पथ! पुण्यातलं इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला लाथाडून तिच्यामागं इथं आलो, त्याचं चीज झालं. आणि आज कामही मिळालं. होसकोटेच्या पुढं रघुपती अण्णांचं शेत आहे, त्यात फोटोवाल्यांनी लपून बसायची पत्र्याची खोली. भिंतीत लेन्सपुरती भोकं, समोर पाण्याचं कुंड. मी राखणदार. अण्णांचं घराणं तीनशे वर्षं इथलं, मराठी निम्मी कन्नड. नियम एकच सांगितला: पाणी ठेव, केळी ठेव, जिवंत जीव बांधायचा नाही. "स्वल्प धीर धर, तम्मा," धाकट्या भावाला म्हणावं तसं म्हणाले. "येतात ती."

२ सप्टेंबर
गवत छातीभर वाढलंय. तांबट, बुलबुल, मुंगसाची जोडी रोज कुंडावर. एकेक फोटो असा की बघत राहावं. मोरघार मात्र वर, लांब, ठिपक्याएवढी. तोच ठिपका स्वानंदीला पाठवला. तिनं विचारलं, डास आहे का? शेजारी तिच्या ऑफिसातला तो शंतनू हसला असणार. रोज गाडीनं सोडतो तिला. कॅमेरा आपटणार होतो.

९ नोव्हेंबर
थंडीबरोबर नवरंग पक्षी आलेत. मला मोरघार हवी. अण्णा गावात गेलेले बघून कुंडाकाठी खुंटी ठोकली, कोंबडीचं पिल्लू बांधलं. सकाळी बरोबर नऊला फडफड झाली. सेकंदाला दहा फोटो. चौथ्यात पिल्लू आहे. पाचव्यात दोरीत नुसता पाय. पक्षी एकाही फोटोत नाही.

१८ डिसेंबर
ससा बांधला. नऊला गेला. रक्त लेन्सच्या भोकातून आत उडालं. पंखांचा आवाज नाही, गवत हललं नाही. कुंडावर आता चिमणीसुद्धा फिरकत नाही. अण्णांनी कारण विचारलं, मी थंडीवर ढकललं.

४ जानेवारी
आज काहीच बांधलं नाही. नऊला पत्रा थरथरला. बाहेर गेलो तर अण्णांची कुत्री. अर्धीच.

१७ जानेवारी
आता रोज बांधतो. आज बोकड. पहिल्यांदाच एका फोटोत सावली आलीय. पंखांची नाही. बोटांची.
तरी स्वानंदीला कळवलं, मोरघार मिळाली, पंचवीसला रविवार आहे, ये. का कळवलं मी —

२४ जानेवारी
अण्णांना खुंटी सापडली. उपटू नका म्हणून पाया पडलो. ऐकेनात. मी ट्रायपॉड हाणला. कपाळ फुटलं त्यांचं. तरी खुंटी, दोरी, बोकड सगळं घेऊन गेले. स्वानंदीला दहा फोन केले, येऊ नकोस. म्हणाली, नाटकं नकोत, अवध्या.

२५ जानेवारी
आली. एकटीच. बाहेर काही बांधलेलं नाही —

नऊ. छत फाटतंय. भोकातून एक बोट आत आलं, कोपरापर्यंतच्या हाताएवढं, तिच्या खांद्यात रुतलं. मी चाकूनं सपासप — रक्त निघत नाही. त्यानं तिला सोडलं. परत येतंय. ती ओरडतेय, अवध्या, लिहितोयस काय! हे तिला कळायला हवं, म्हणून —

ते एकच नेतं. रोज एकच. मग जातं.

मी एकटा बाहेर आलो. दार ओढून घेतलं. वही खालच्या फटीतून सरकवतोय. आतून कडी लाव, स्वानंदी. आणि पाच मिनिटं भोकाला डोळा लावू नकोस, मला तू तसं बघितलेलं —