ओल नसलेलं घर

४ मार्च

आणखी एक घर बाद! बेडरूमच्या छताला एकाच कोपऱ्यात ताजा रंग. बाकी सगळं जुनं, पिवळट. एजंट म्हणतो, "साहेब, मुलांनी रेघोट्या मारल्या होत्या." छताला? पोरं काय पालीची होती? गळत्या बंद करण्यात माझी हयात गेली आणि हा मला शिकवतो! बोटाने दाबलं तर प्लास्टर भुसभुशीत. तिथेच त्याला झाडला. ही जिन्यात जाऊन उभी राहिली. मग घरी आलो.

घरी म्हणजे दादाच्या घरी.

८ मार्च

पाहुणे येणार म्हणून वहिनीने पोरीला हॉलमधून उठवलं. "अभ्यास आत कर." आत म्हणजे आमची खोली — पलंग, कपाट, माझी ड्रिल मशीन, रसायनांचे डबे. पोरगी एका डब्यावर बसून गणितं सोडवत होती. हिने पाहिलं. रात्री म्हणाली, "अहो, एक तरी घर पसंत करा. मला इथे आता सहन होत नाही." मी म्हटलं, घाई करून ओल विकत घ्यायची का? तर म्हणते, "तुम्हाला भिंतींपलीकडचं काही दिसतं का?"

दिसतं म्हणूनच तर शोधतोय ना! कोणासाठी मरमर चाललीय?

११ मार्च

नवीन घर. मधला मजला, म्हणजे गच्चीची कटकट नाही. मालकीण बाई निवृत्त मुख्याध्यापिका, मुलाकडे राहायला गेल्यात, घर रिकामं. पोरीने आल्याआल्या खिडकीपाशी बसकण मारली. ही ओट्यावर हात फिरवत उभी होती — आणि चक्क हसली! मी नाण्याने भिंती ठोकत होतो. आवाज खणखणीत. जरा जास्तच खणखणीत. काहीतरी लपवलंय.

१२ मार्च

गल्लीत चौकशी. इस्त्रीवाला — "पाणी? दिवसभर!" किराणावाला — "सकाळी येतं, नशिबात असेल तर." कोपऱ्यावरच्या आजोबांनी पाणी सोडून बाकी सगळं सांगितलं, कोणाची सून कोणाशी बोलत नाही तेसुद्धा. खरं सांगायला यांच्या बापाचं काय जातं? डोकं भणाणलं!

खालच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "आमच्याकडे वरून कधी थेंब आला नाही." असं सगळेच म्हणतात.

१५ मार्च

मापं घ्यायची म्हणून एजंटकडून किल्ली घेतली. कसली मापं! बाथरूमची जाळी फडक्याने बुजवली आणि नळ सोडला. आमच्या धंद्यात हीच खरी परीक्षा — घोट्याएवढं पाणी साठवायचं, दिवसभर तसंच ठेवायचं आणि मग खालचं छत बघायचं. पाणी भरतंय तोवर एका गिऱ्हाइकाचा फोन. टाकीला भोक पडलंय, लगेच या! तसाच पळालो. आत्ता कुठे घरी टेकतोय. सकाळी मावशींकडे जाऊन छत

नळ! नळ बंद केला का मी?

१६ मार्च

व्हायचं ते झालं. पाणी बाथरूमचा उंबरा ओलांडून हॉलमध्ये, तिथून खाली मावशींच्या दिवाणावर. मुख्याध्यापिका बाई फोनवर अशा काही बोलल्या की मी परत चौथीत जाऊन बसलो. एजंटने हातातून किल्ली हिसकावली.

तरी हिला म्हटलं, बघ, गळलं की नाही? "रात्रीपर्यंत नळ सुरू ठेवला तर कुठलंही घर गळेल," ही म्हणाली आणि पोरीला वाढायला गेली. लाज वाटली मला. खरं सांगायचं तर हॉलच्या लादीतून पाणी उतरलं, बाथरूमच्या खालच्या छताला थेंब नव्हता. घर चांगलंय. पण आता कुठल्या तोंडाने जाणार? बाद!

१९ मार्च

ही आजही उशिरा आली. "काम होतं." लॅबमध्ये रक्त तपासणाऱ्यांना एवढं कसलं काम? मी आणखी दोन पत्ते काढलेत, तिला सांगितले. "बघा तुम्ही," म्हणाली. कडाकडा भांडली असती तर बरं वाटलं असतं.

२६ मार्च

हिने तेच घर घेतलं! रोज संध्याकाळी परस्पर तिथे जात होती — मावशींचा दिवाण वाळवला, लाद्या पुसल्या, बाईंची समजूत काढली. आज स्वतःच्या पगारातून विसारही दिला. कागदावर एकटीचं नाव. खरेदी होईपर्यंत भाड्याने राहा म्हणून बाईंनी किल्लीसुद्धा दिलीय.

मी म्हटलं, अगं, मला विचारायचं तरी!

"विचारतच होते की इतकी वर्षं."

पलंगावर दोन बॅगा भरून ठेवल्यात. एक हिची, एक पोरीची. माझे कपडे कपाटात आहेत तसेच आहेत.