‘लेडी उना’वरचं चहाचं दालन

मी, ईशबेल मॅकफेल, राहणार पोर्ट ग्लासगो, जहाजबांधणीची निवृत्त शिक्षिका, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. लाजेचा दाखला ते देत नाहीत, तो मीच खाली देते.

१. राहतं घर धाकटा भाऊ रनल्ड याच्याच नावावर आहे, त्याचा प्रश्न नाही. माझा चांगला कोट शेजारच्या जीनला द्यावा. एकदा तो तिने न विचारता नेलाच होता.

२. काचेच्या पेटीतलं ‘लेडी उना’ या फेरीबोटीचं मॉडेल कट्रिओना बेटन हिला द्यावं. ती माझी विद्यार्थिनी, आता माझाच वर्ग शिकवते.

ही बोट आमच्या वडिलांनी, हेक्टर मॅकफेल यांनी आखली. मालकांना ऐनवेळी वरच्या डेकवर चहाचं दालन हवं झालं. ते चढवल्यावर बोट किती कलते याची चाचणी पुन्हा घ्यायला हवी होती. पण बोट पाण्यात सोडायचा दिवस ठरला होता, गावाला अर्ध्या दिवसाची सुट्टी जाहीर झाली होती, आणि आमच्याकडे एकदा जाहीर झालेला तो दिवस कोणी पुढे ढकलत नाही. वडिलांनी सही केली. पहिल्याच हिवाळ्यात वळण घेताना बोट आडवी होऊन बुडाली. चौकशीत खापर कट्रिओनाच्या आजोबांवर, कप्तान बेटन यांच्यावर फुटलं, प्यायले होते म्हणे. ते बोटीबरोबरच गेले होते, बोलणार कोण?

मी जन्मभर बुडालेली जहाजं शिकवली. नियम माझाच: वर्गातल्या पाण्याच्या टाकीत जहाजाचा नमुना सोडण्याआधी त्याच्या आरेखकाचं नाव फळ्यावर लिहायचं. स्वीडनच्या राजाची युद्धनौका कलंडली की पोरं खदाखदा हसायची, मीही हसायचे. एकदा कट्रिओनाने विचारलं, “बाई, आपल्या गावची बोट कधी? आजोबा दारूला शिवत नव्हते हो.”

“ती परीक्षेला नाही,” मी म्हणाले. हे लिहितानाही तोंड लपवावंसं वाटतं.

३. गेल्या रविवारी खऱ्या बोटीच्या वजनाच्या हिशोबाप्रमाणे शिसं बांधून मॉडेल बाथटबात सोडलं. बोटाने ढकललं तर आडवं झालं. दालन काढून ढकललं तर डुललं आणि सरळ उभं राहिलं. रनल्ड दारात होता.

“या वयात बोटी खेळतेस, ताई?” मग त्याला कळलं. “बाबांना फळ्यावर चढवणार तू?”

“दुसऱ्यांच्या बापांना चढवलंच की मी.”

तो दार आपटून गेला.

४. माझ्या पश्चात कट्रिओनाने हे मॉडेल दरवर्षी टाकीत बुडवावं, फळ्यावर हेक्टर मॅकफेल लिहावं आणि कप्तान शुद्धीत होते हे वर्गाला सांगावं. जिवंतपणी तिच्यासमोर उभं राहण्याची मला हिंमत नाही.

रनल्ड साक्षीला नाही म्हणतो. त्याची जागा मोकळी ठेवली आहे. वर लिहिलेलं सारं माझ्याच हातचं आणि माझ्याच मनाचं आहे.

पोर्ट ग्लासगो, १४ नोव्हेंबर १९८७
सही: ईशबेल मॅकफेल, आरेखक हेक्टर मॅकफेल यांची मुलगी

साक्षीदार: रनल्ड मॅकफेल, त्यांचाच मुलगा
(साक्षीदाराच्या अक्षरात) ताई, पश्चात कशाला? मंगळवारी तिचा वर्ग असतो. मॉडेल मी उचलतो, तू चल.