मायनस वन

मंगळवार, वारजे

आज दुसरीसाठी पुस्तकं निवडायची होती, वाचन आणि गणित दोन्हींना चालतील अशी. लिफ्टची गोष्ट मी दोन मिनिटांत बाजूला टाकली. दहाव्या मजल्यावरून निघालेली लिफ्ट खाली येत येत मायनस वनला पोचते. शून्याच्या खालचे आकडे दुसरीत कुठे असतात? यादीत शेरा मारला, 'मुलांच्या अनुभवाबाहेरचं.' केवढी ती अक्कल!

मधल्या सुट्टीत प्राचीने नेमकं तेच पुस्तक उचललं. तिचे वडील समोरच्या सोसायटीत वॉचमन आहेत, एवढंच मला माहीत होतं. एकेका मजल्यावर बोट ठेवत ती शेवटच्या पानावर आली आणि ओरडलीच, "बाई, मायनस वन! इथं आमचं घर हाय!"

शून्याच्या खाली काय असतं, हे तिला कोणी शिकवलं? शाळा सुटली की रोज तिथंच तर उतरते ती.

शेरा खोडला. पुस्तक घ्यायचंच. पण त्या पानाचं काय करू? मायनस वनच्या पार्किंगमध्ये नुसत्या गाड्या काढल्यात. प्राची बराच वेळ त्या गाड्यांकडे बघत होती. मग तिने मलाच विचारलं, "बाई, ह्यात माणसं काढायची राहिली का?"